ऐकून सांभाळलेली गाडी

आमच्या जबलपूर शहरात तोफांचे गाडे तयार होतात, लष्करी मोटारी तयार होतात; परंतु शर्यतीच्या जातीची दोन आसनी मोटार येथे कधी तयार झाली नाही, आणि तशी मोटार पदरी बाळगणारी माणसेही या गावात बोटांवर मोजण्याइतकीच. असे असता, ज्याची सकाळ हजेरीपटाने उगवते आणि संध्याकाळ टिपणीने मावळते अशा एका सरकारी नोकराने या विषयावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मलाही ते अधूनमधून वाटते. पण गेली तेरा-चौदा वर्षे अशी एक मोटार माझ्या घरी आहे, आणि तिच्या पायी जे काही शिकायला मिळाले ते कचेरीत मिळाले नसते, म्हणून आज आपला थोडा वेळ मागून घेतो.

प्रथम ही जात कोणती ते सांगतो. सामान्य मोटार माणसांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यासाठी असते. स्पोर्ट्स कार ही नेण्यासाठी नसून चालवण्यासाठी असते. ती बुटकी, हलकी, दोघांपुरतीच जागा असलेली. तिला सामानाची पर्वा नाही, पावसाची तयारी नाही, आणि बसणाऱ्याच्या कमरेविषयी तर तिला अजिबात सहानुभूती नाही. पण तिचे चाक हातात घेतले म्हणजे रस्ता हातात आल्यासारखा वाटतो. तिचा सारा अभिमान एवढ्या एका गोष्टीत आहे.

मराठी माणसाला अशा मोटारींची आठवण करून दिली की त्याला इंदूर आठवते. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर, दुसरे, यांनी १९३० नंतरच्या दशकात जगातील उत्तमोत्तम मोटारी बांधवून घेतल्या. त्यांतली डुसेनबर्ग तर फारच गाजली. सांगाडा आणि आठ सिलिंडरचे यंत्र अमेरिकेचे, वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांचा, आणि रंग नारिंगी व काळा. आज ती दूरदेशी संग्राहकांच्या जगात नावाजली जाते. राजाच्या मोटारीला मोटारखाना असतो. तेल घालणारा वेगळा, पुसणारा वेगळा. राजे गेले, मोटारखाने मोडले, आणि ज्यांना पुढे कोणी सांभाळणारे उरले नाही अशा गाड्या एकतर परदेशी गेल्या किंवा गंजून गेल्या. त्यातून मी एक धडा घेतला. गाडी विकत घेणे हा एका दिवसाचा व्यवहार आहे. ती सांभाळणारे हात मिळवणे आणि टिकवणे हे खरे काम.

माझी गाडी राजाची नाही. ती एम. जी. ए. या नावाची, इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे तयार झालेली, १९५७ सालची. ही जात १९५५ साली बाजारात आली आणि १९६२ पर्यंत तिच्या एक लाखाहून थोड्या अधिक गाड्या निघाल्या. त्यांतल्या बहुतेक परदेशी रवाना झाल्या. माझ्या वाट्याला आलेली गाडी नेपियर टाउनमधील एका जुन्या बंगल्याच्या पडवीत ताडपत्रीखाली बावीस वर्षे उभी होती. लष्करातून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरांची ती. ते वारले होते, आणि त्यांच्या पत्नीला बंगला सोडायचा होता. २०१२ साली मी ती घेतली, आणि घेतल्याची सूचना नियमाप्रमाणे वरिष्ठांना दिली. कचेरीत बातमी पसरली की साहेबांनी विलायती मोटार घेतली. ज्यांनी ती प्रत्यक्ष पाहिली त्यांनी मात्र माझ्याकडे करुणेने पाहिले. चाके जमिनीत रुतलेली, आसनात उंदरांचा संसार थाटलेला, आणि पिस्टन सिलिंडरात जाम झालेले. या गाडीची तळपाटी लाकडाची असते हे मला ठाऊक नव्हते. वाळवीला ते आधीपासून ठाऊक होते.

अनेकांनी मोठा व्यवहारी सल्ला दिला. म्हणाले, आतले यंत्र काढा, एखादे डिझेलचे बसवा, बाहेरून रंग द्या, कोणाला कळणार आहे? आपल्या देशात टंचाईच्या काळात कितीतरी नामवंत गाड्यांचे असेच झाले. मी त्यांना दोष देत नाही. सुटा भाग मिळत नसेल आणि गाडी तर चालवायची असेल, तर माणूस दुसरे काय करणार? परंतु माझ्या बाबतीत तशी पाळी आली नाही, आणि त्याचे कारण मोठे गमतीचे आहे.

आपणांपैकी प्रत्येकाने ॲम्बॅसडर गाडी पाहिलेली आहे. माझ्यासारख्या सरकारी नोकराची तर अर्धी हयात तिला सलाम ठोकण्यात गेली. विलायतेतील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून ती घडवली गेली, आणि १९५९च्या सुमारास तिच्यात जे नवे यंत्र आले ते १,४८९ घन सेंटिमीटरचे, बी मालिका या नावाने ओळखले जाणारे. श्रोतेहो, माझ्या एम. जी. ए. मधले यंत्रही तेच! एकाच घराण्यातली दोन भावंडे. एकाला दोन कार्ब्युरेटर मिळाले, सुमारे बहात्तर अश्वशक्ती मिळाली, आणि ते शर्यतीला गेले. दुसऱ्याला एक कार्ब्युरेटर मिळाला, पन्नासेक अश्वशक्ती मिळाली, आणि ते सरकारी नोकरीला लागले. शर्यतीतल्या भावाची प्रकृती बिघडली तेव्हा त्याला जगवले ते नोकरीतल्या भावाने. गॅस्केट, बेअरिंग, टायमिंगची साखळी, असे कितीतरी भाग मला लंडनहून मागवावे लागले नाहीत. ते जबलपूरच्या बाजारात, पुठ्ठ्याच्या धुळकट खोक्यात, चहाच्या पैशात नव्हे तरी एका वेळच्या जेवणाच्या पैशात मिळाले.

दुर्मिळ वस्तू सामान्य वस्तूंच्या आधाराने जगतात, ही गोष्ट मला त्या दिवसांत प्रथम उमगली. म्हणूनच, २०१४ साली आमची गाडी पहिल्यांदा सुरू झाली आणि त्याच वर्षी बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात ॲम्बॅसडरचे उत्पादन थांबले, तेव्हा माझा आनंद निर्भेळ राहिला नाही. त्या धुळकट खोक्यांची गणती आता संपण्याच्या दिशेने सुरू झाली होती.

पण नुसत्या भागांनी गाडी चालत नाही. जबलपूरची खरी दौलत येथील हातांत आहे. तोफगाड्यांचा कारखाना येथे १९०४ साली निघाला. वाहनांचा मोठा कारखाना १९६९ साली. शक्तिमान मालमोटारी येथेच तयार होत. जोंगा नावाची दणकट लष्करी गाडीही इथलीच. निस्सानच्या परवान्याने बनणाऱ्या त्या गाडीचे नावच मुळी ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या लांबलचक नावाची आद्याक्षरे जुळवून केलेले. अशा कारखान्यांत पिढ्यान् पिढ्या फिटर आणि टर्नर घडले. लेथवर उभे राहून केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक बोटाने ओळखणारी ही माणसे निवृत्त झाल्यावर घमापूर-रांझीकडच्या गल्लीबोळांत लहानशा शेडमध्ये बसतात. त्यांतलेच एक आमचे मिस्त्रीजी. त्यांनी त्या जाम झालेल्या यंत्रात डिझेल व तेल मिसळून ओतले, आठ दिवस वाट पाहिली, पुन्हा ओतले, आणि तिसऱ्या रविवारी हँडलला हात घालून ते तसूभर फिरवले. त्या तसूभर फिरण्याला पूर्ण सूर लागायला पुढे दोन वर्षांचे रविवार गेले.

अशा गाडीचा सांभाळ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. आजची मोटार वर्षातून एकदा सेवाकेंद्रात गेली की पुरते. हिला दर हजार मैलांनी पुढच्या चाकांच्या किंगपिनांत ग्रीस भरावे लागते. बॅटऱ्या दोन, सहा-सहा व्होल्टच्या, आसनांच्या मागे तळाशी दडवलेल्या. त्यांचे पाणी पाहायचे तर आधी अर्धे सामान उपसावे लागते. किल्ली फिरवली की पेट्रोलचा विद्युत् पंप टिकटिक करू लागतो. ती टिकटिक सावकाश होऊन थांबली तर समजावे, कार्ब्युरेटर भरले. मुळीच झाली नाही तर पंपाला लाकडाच्या मूठीने हळूच टोला द्यावा. मे महिन्यात आमच्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांपर्यंत जातो. तेव्हा पेट्रोल नळीतच उकळते आणि गाडी चौकात मुकाट उभी राहते. त्यावर उपाय ओल्या फडक्याचा.

काळही नवे प्रश्न घालतो. २००० सालापासून देशभर पेट्रोलमधले शिसे गेले. ते आरोग्याला घातक होते, गेले ते योग्यच झाले. पण त्या शिशावर जुन्या यंत्रांच्या झडपांच्या बैठका टिकून असत. म्हणून आम्हांला कठीण पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्या लागल्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येते. ते हवेतला ओलावा ओढून घेते, आणि जुन्या रबराला व बुचाच्या चकत्यांना ते मानवत नाही. तेव्हा साऱ्या नळ्या बदलल्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करण्याची शिस्त लावून घेतली. गाडी जुनी असली तरी तिच्या मालकाला जुने राहून चालत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे भाषण करतो आहे तिच्याकडे वळतो. मघाशी दोन कार्ब्युरेटर म्हणालो. त्यांच्यात एकी नसेल तर यंत्र एका पायाने लंगडते. दोघांनी सारखाच श्वास घेतला पाहिजे. तो सारखा आहे की नाही हे पाहण्याची यंत्रे आहेत. पण जुनी रीत अशी की हवेच्या जाळ्या काढाव्या, रबराच्या नळीचे एक टोक कानाला लावावे, दुसरे एकदा पुढच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी व एकदा मागच्याच्या तोंडाशी धरावे, आणि आतला सूं-सूं आवाज ऐकावा. दोन्ही आवाज एकसारखे होईतो स्क्रू पिळत जावे. मी कित्येक वेळा नळी कानाला लावली. मला दोन्हीकडे सारखेच ऐकू येई, आणि गाडी तरीही लंगडे. मिस्त्रीजी नळी घेत, डोळे मिटत, स्क्रूला पाव फेरा देत, आणि गाडी एखाद्या जवारी लावलेल्या तंबोऱ्यासारखी भरून बोलू लागे.

२०१९च्या पावसाळ्यानंतर मात्र गाडी मिस्त्रीजींच्या हातूनही बरोबर लागेना. एक रविवार गेला, दुसरा गेला. मी नळीला दोष दिला, स्क्रूला दिला, पेट्रोलला दिला. मिस्त्रीजी काही बोलत नव्हते. तिसऱ्या रविवारी मी मागून त्यांना दोनदा हाक मारली, त्यांनी वळून पाहिले नाही, आणि मग मला कळले. यंत्रांच्या घरघरीत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाचे कान निवृत्तीनंतर काही वर्षांनी आपला हिशेब मागत होते. त्यांना ते आधीच कळले असावे. कारागिराला आपली उणीव दुसऱ्याच्या आधी कळते. ती बोलून दाखवणेच काय ते जड जाते.

माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. हातात भिजवलेल्या शेंगदाण्यांची वाटी घेऊन ती पायरीवर बसली होती. मिस्त्रीजींनी तिला जवळ बोलावले, नळी तिच्या कानाला लावली आणि विचारले, “बोलो बिटिया, कौन ज़्यादा साँस ले रहा है?” तिने दोन्हीकडे ऐकले, पुन्हा ऐकले, आणि म्हणाली, “पीछे वाला, दादाजी. थोड़ा-सा.” मिस्त्रीजींनी मागचा स्क्रू किंचित फिरवला, आणि आपला उघडा तळवा गाडीच्या पंख्यावर ठेवला. जे कानाला ऐकू येत नव्हते ते त्यांनी तळव्याने ऐकले. “अब ठीक,” ते म्हणाले. मी तेथे मालक या नात्याने उभा होतो. परंतु त्या क्षणी त्या गाडीवर माझा हक्क सर्वांत कमी होता.

तेव्हापासून मी रविवारी पाने देण्याचे काम करतो, आणि ती शिकते. कार्ब्युरेटरमधला पिस्टन पिनेने किंचित उचलायचा. यंत्राचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, यंत्र बंद पडू लागले तर कमी, आणि जरासा वाढून पूर्ववत झाला तर बेताचे. हे तिला तोंडपाठ आहे. मजजवळ या गाडीची एक जाडजूड फाइल आहे. कोणता भाग केव्हा घातला, किती पैसे पडले, सारे तारीखवार. सरकारी माणसाला फाइल झाली की काम झाल्यासारखे वाटते. पण मिस्त्रीजी ज्याने गाडी लावीत ते त्या फाइलीत एका ओळीनेही उतरलेले नाही, आणि उतरणारही नाही.

गेल्या वर्षी या गोष्टीची खरी कसोटी लागली. पंधरा वर्षांहून जुन्या खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, हे आपण जाणताच. ऑगस्ट २०२५ मध्ये शुल्काचे नवे दर लागू झाले. वीस वर्षांहून जुन्या परदेशी चारचाकीस ते ऐंशी हजार रुपये झाले. दुसरीकडे २०२१ पासून पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ ही स्वतंत्र नोंदणी निघाली आहे. तिचे शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे, आणि पाटीवर ‘व्ही. ए.’ ही मानाची अक्षरे. मात्र अशी गाडी प्रदर्शनाला, जुन्या गाड्यांच्या फेरीला, तांत्रिक संशोधनाला, अथवा पेट्रोल व दुरुस्तीसाठी तेवढी रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वापराला नाही.

नियम वाईट आहे असे मी म्हणणार नाही. जुन्या यंत्रांनी गर्दीचे रस्ते व हवा बिघडवू नये, आणि तरीही ठेवा म्हणून ती राहावीत, या दोन्ही गोष्टी त्याने साधल्या आहेत. मी स्वतः आयुष्यभर नियम पाळत व पाळवत आलो. एका रात्री मी रीतसर टिपणी लिहिली: एका बाजूस वर्षाला दोन हजार, दुसऱ्या बाजूस वर्षाला सोळा हजार, फरक आठपट. सौभाग्यवतींनी ती वाचली आणि म्हणाल्या, “अहो, आकडे बरोबर आहेत. पण गाडी कशासाठी ठेवली आहे, तो रकाना कोराच राहिला की.”

त्या कोऱ्या रकान्याशी मी बरेच दिवस अडखळलो. शेवटी एका पहाटे आम्ही बापलेक भेडाघाटच्या रस्त्याला निघालो. हिवाळ्याचे दिवस, छत दुमडलेले. ही गाडी इतकी बुटकी की दारावरून हात खाली सोडला तर बोटे रस्त्याला लागतील की काय असे वाटावे. ताशी साठ किलोमीटरला शंभराचा भास होतो. म्हणून वेगाचा मोहही होत नाही. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. चालत्या गाडीत तो घालायचा तर क्लच दोनदा दाबावा लागतो, आणि मध्ये यंत्राचा वेग कानाने जुळवावा लागतो. चुकले की दाते कुरकुरतात, जुळले की गिअर लोण्यात सुरी जावी तसा बसतो. नर्मदेकडचा उतार आला. मुलगी मध्येच म्हणाली, “बाबा, पुढच्या डाव्या चाकाचा आवाज बदलला.” मला काहीच ऐकू आले नव्हते. थांबून पाहिले, तर ब्रेकचा ड्रम तापला होता. ती हे गाडी उभी असताना कधीच शिकली नसती. तिचे कान चालत्या गाडीने तयार केले होते.

ती यंदा अठरा वर्षांची होते. वाहनपरवाना काढील, आणि मग चाकामागे बसेल. रोजच्या रस्त्यावर, वळणावर, चढावर, नागपूरला मावशीकडे जाताना सिवनीच्या जंगलातून. मी ऐंशी हजारांचे शुल्क भरले, तपासणी करून घेतली आणि नेहमीची नोंदणी नवी केली. त्यासाठी घरातले दुसरे एक काम पुढे ढकलले, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पाच वर्षांची ही शिकवणीची फी आहे, असे मी टिपणीच्या शेवटच्या रकान्यात लिहिले. पाच वर्षांनी गाडीला मानाची पाटी लावायची असेल तर खुशाल लावू. तोवर तिला लावता येणारे एक माणूस तयार झालेले असेल.

मिस्त्रीजी अजून रविवारी येतात. आता ते नळीला हात लावत नाहीत. पायरीवर बसतात, चहा घेतात, आणि मुलीने “हो गया, दादाजी” असे खुणेने सांगितले की उठून गाडीच्या पंख्यावर तळवा ठेवतात. कधी मान हलवतात, कधी एक बोट वर करतात. मग ती पुन्हा खाली वाकते. गेल्या आठवड्यात त्यांनी तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मला वाटले, काही चुकले असावे. मी काळजीने विचारले. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहून प्रश्न ओळखला, आणि हसून म्हणाले, “नहीं साहब. सुन रहा हूँ.”